घरच्या जाळ्याची वेस

२०२४ सालीं अहमदनगर जिल्ह्याचें व शहराचें नांव सरकारी दप्तरांत अहिल्यानगर असें झालें. अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव चौंडी हें याच जिल्ह्यांतील. नांव बदललें, पाट्या बदलल्या, कचेऱ्यांचे शिक्के बदलले. परंतु टपालाचा क्रमांक मात्र बदलला नाहीं. शहराच्या मुख्य टपालकचेरीचा ४१४००१ हा आंकडा पूर्वीं होता तोच राहिला, आणि त्यामुळें पत्रांच्या वाटा मोडल्या नाहींत. कोणत्याहि पत्त्याचीं हीं दोन अंगें असतात. नांव हें माणसाच्या जिभेसाठीं व आठवणीसाठीं असतें. क्रमांक हा वांटणाऱ्याच्या हातासाठीं असतो. नांवाला इतिहास व अभिमान असतो, क्रमांकाला नुसती शिस्त असते.

हाच क्रमांकाचा व्यवहार आज सुशिक्षितांच्या घराघरांत नव्या रूपानें येऊन बसला आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत राउटर नांवाची एक लहानशी पेटी मिणमिणत असते. तिच्याशीं घरांतील संगणक, मोबाइल, दूरचित्रवाणी, छपाईचें यंत्र व दारावरचा कॅमेरा हीं सारीं जोडलेलीं असतात. या सर्वांचें मिळून घरचें एक जाळें होतें, आणि त्या जाळ्याला स्वतःचा एक आंकडा असतो. संगणकवाले त्याला ‘सबनेट’ म्हणतात. मराठींत उपजाळें म्हणावें. बहुतेक गृहस्थांना हा आंकडा ठाऊक नसतो व एरवीं तो लागतहि नाहीं. परंतु पुण्यास असलेल्या मुलाला सावेडींतील आईवडिलांच्या घराकडे दुरून नजर टाकावीशी वाटली, किंवा घरच्या संगणकांतील एखादा कागद परगांवाहून पाहण्याची पाळी आली, कीं पहिला प्रश्न याच आंकड्याचा येतो. तो कोठून आला, लक्षावधी घरांत तोच कां सांपडतो, आणि तो ठाऊक नसतां घराचें दार उघडणें धोक्याचें कां ठरतें, याचें उत्तर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या इतिहासांत आहे.

त्या इतिहासाचें सूत्र नगरच्या जुन्या पत्त्यांतच दिसतें. मलिक अहमदानें वसविलेल्या या शहराला पुढें तट झाला, तटाला दरवाजे झाले, आणि माणसें आपलें ठिकाण वेशीवरून व पेठेवरून सांगूं लागलीं. माळीवाडा, दिल्ली दरवाजा, सर्जेपुरा, तोफखाना, नालेगांव हीं नांवें आजहि पत्त्यांत येतात. अशा पत्त्यांत एक मोठी सोय असते. परगांवच्या माणसानें आधीं नगर गांठावें, मग वेस विचारावी, मग गल्ली. घर कोणतें तें गल्लींतलीं माणसें सांगतात. पुण्याच्या टपालवाल्याला तोफखान्यांतील घरांची ओळख असण्याचें कारण नाहीं. त्यानें पत्र नगरच्या थैलींत टाकलें म्हणजे त्याचें काम संपलें. बाहेरच्यानें पत्त्याचा बाहेरचा भाग पाहावा, आंतला भाग आंतल्यांवर सोपवावा, ही या व्यवस्थेची किल्ली होय.

टपालखात्यानें हेंच तत्त्व १९७२ सालीं आंकड्यांत बसविलें. त्या वर्षाच्या १५ ऑगस्टपासून देशांत पिन क्रमांकाची पद्धति सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यांत वरिष्ठ अधिकारी होते. संस्कृत कवि म्हणूनहि त्यांची कीर्ति आहे. सहा आंकड्यांपैकीं पहिला देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छांटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन टपालकचेरी. तेव्हां ४१४००१ यांतील ४१४ एवढा भाग दूरच्या छांटणाऱ्यासाठीं, आणि ००१ हा जवळच्यासाठीं.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. छांटणीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा हे एकच नव्हेत. नगरचा क्रमांक ४१४ नें सुरू होतो. परंतु त्याच महसुली जिल्ह्यांतील श्रीरामपूरचा क्रमांक ४१३७०९, संगमनेरचा ४२२६०५, तर शिर्डीचा ४२३१०९ आहे. टपालाच्या वाटा जशा गेल्या तसे हे आंकडे पडले. जिल्ह्याच्या सीमेनें त्यांना बांधलें नाहीं. संगमनेर नगर जिल्ह्यांत आहे म्हणून त्याचा क्रमांक ४१४ नें सुरू होत असेल असा तर्क करणारा फसतो. क्रमांक तर्कानें सांगावयाचा नसतो, पाहून सांगावयाचा असतो. घरच्या जाळ्याच्या बाबतींत हाच नियम पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां संगणकांकडे वळावें. आज ज्या पत्त्यांवर इंटरनेटचा मोठा भाग चालतो, त्यांची रचना १९८१ च्या सप्टेंबरांत निश्चित झाली, आणि १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतील अर्पानेट या जाळ्यानें ती अंगीकारली. प्रत्येक पत्ता म्हणजे शून्य व एक या दोनच चिन्हांनीं भरलेल्या ३२ घरांची एक ओळ. माणसाला ती वाचतां यावी म्हणून तिचे आठ-आठ घरांचे चार तुकडे करून, प्रत्येक तुकडा ० ते २५५ मधील एका आंकड्यानें लिहितात, उदाहरणार्थ, १९२.१६८.२९.३७. असे एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटि होतात. त्या वेळीं सारे जोडलेले संगणक शेंकड्यांनीं मोजण्याजोगे होते. त्यामुळें ४२९ कोटि म्हणजे अक्षय्य भांडार वाटलें यांत नवल नाहीं.

भांडार अक्षय्य वाटलें कीं वांटप सैल होतें. प्रारंभीं पत्त्यांच्या मुख्यतः तीन जाती केल्या होत्या. पहिल्या जातीचें जाळें ज्या संस्थेला मिळे तिच्या पदरांत १ कोटि ६७ लक्षांहून अधिक पत्ते पडत; दुसऱ्या जातीच्या संस्थेला ६५ हजारांवर; तिसऱ्या जातीच्या संस्थेला अवघे २५४. ज्या संस्थेकडे तीनशें संगणक तिला तिसरी जात अपुरी पडे व दुसरी अफाट होई. शेतकऱ्याला हवें दोन बिघे, आणि खातेफोड करतां येईना म्हणून सगळें गांव इनाम द्यावें, असा तो प्रकार होता.

पहिला मार्ग विद्यापीठांनीं काढला. एका आवारांत अनेक इमारती, प्रत्येक इमारतींत वेगळी तार, आणि बाहेरच्या जगाला मात्र त्या आवाराचा एकच क्रमांक ठाऊक, अशी स्थिति होती. तेव्हां आंतल्या आंत वांटणी करण्याची रीत ठरविण्यांत आली. जेफ्री मोगल व जॉन पोस्टेल यांनीं १९८५ च्या ऑगस्टांत तिचे नियम प्रसिद्ध केले, आणि सबनेट हा शब्द रूढ झाला. बाहेरच्यानें पूर्वींप्रमाणें आवाराच्या वेशीपर्यंत पत्र आणून द्यावें. आंत कोणत्या आळींत जावयाचें तें आंतल्यांनीं पाहावें.

आळी कोठें संपते व घर कोठें सुरू होतें, हें यंत्राला कळावें म्हणून पत्त्याबरोबर दुसरा एक आंकडा देतात. त्याला ‘सबनेट मास्क’ म्हणजे जाळ्याचा मुखवटा म्हणतात. मुखवट्यांत ज्या जागीं एक असेल तेवढा पत्त्याचा भाग आळीचा. ज्या जागीं शून्य असेल तेवढा घराचा. घरगुती जाळ्यांत बहुधा आढळणारा मुखवटा २५५.२५५.२५५.० असा असतो. २५५ म्हणजे आठहि घरांत एक. तेव्हां पहिले तीन तुकडे आळीचे आणि शेवटचा घराचा. पत्ता १९२.१६८.२९.३७ असेल तर आळी १९२.१६८.२९.० ही, आणि तींतील सदतिसावें घर हा संगणक. एकांचीं घरें चोवीस भरतात म्हणून या आळीचें नांव तिरकी रेघ देऊन १९२.१६८.२९.०/२४ असें लिहितात. तींत १ पासून २५४ पर्यंत यंत्रें राहूं शकतात. शून्य हा आळीचा स्वतःचा आंकडा, आणि २५५ हा सर्वांना एकदम हांक मारण्याचा.

मुखवटा निराळा असला कीं वेसहि निराळी पडते. त्याच पत्त्याचा मुखवटा २५५.२५५.२५४.० असा असेल, तर तिसऱ्या तुकड्याचें शेवटचें घर आळीच्या हिशेबांतून सुटतें. मग २८ व २९ यांची जोडी होऊन एकच मोठी आळी बनते, आणि तिचें नांव १९२.१६८.२८.०/२३ असें होतें. पत्त्यांत २९ दिसतो म्हणून आळी २९ ची असा तर्क येथें चुकतो. संगमनेरच्या पिन क्रमांकासारखेंच हें आहे: नुसता पत्ता पाहून भागत नाहीं, मुखवटाहि पाहावा लागतो.

पुढें इंटरनेट इतकें वाढलें कीं आंतल्या वांटणीनें बाहेरची टंचाई हटेना. १९९३ च्या सप्टेंबरांत त्या तीन जातीच मोडीत निघाल्या, आणि वेस पाहिजे त्या घरावर घालण्याची मुभा झाली. तरीहि पत्ते पुरणार नाहींत हें स्पष्ट होतें. दीर्घ मुदतीचा उपाय म्हणून १२८ घरांच्या नव्या पत्त्यांची योजना पुढें आली. ती आयपीव्ही सिक्स या नांवानें ओळखली जाते. तातडीचा उपाय मात्र निराळा निघाला. १९९४ च्या मार्च महिन्यांत कांहीं तज्ज्ञांनीं सुचविलें कीं, पत्त्यांचे कांहीं गट सार्वजनिक वापरांतून कायमचे वगळावे. ज्याला हवे त्यानें ते आपल्या आवारांत कोणालाहि न विचारतां वापरावे. मात्र ते आवाराबाहेर कोणीं मानूं नयेत.

या सूचनेवरून मोठा वाद झाला. त्याच वर्षाच्या जुलैंत एलियट लिअर, एरिक फेअर, डेव्ह क्रॉकर व टॉम केसलर या चौघांनीं तिच्याविरुद्ध जाहीर टिपण लिहिलें. त्यांच्या आक्षेपाचें सार असें कीं, जगांतील प्रत्येक पत्ता एकमेव असावा हाच इंटरनेटचा पाया. एकच पत्ता हजार ठिकाणीं असूं दिला, तर आज वेगळीं असलेलीं दोन आवारें उद्यां एकमेकांशीं जोडतांना घोटाळा होईल. आक्षेप खरा होता; पण टंचाई त्याहून खरी होती. १९९६ च्या फेब्रुवारींत खाजगी पत्त्यांचा सुधारलेला नियम प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या पांच लेखकांत आदल्या विरोधकांपैकीं लिअर यांचेंहि नांव होतें. विरोध केल्यावर त्याच कामाला हात लावून तें अधिक सावध करणें ही शहाण्या माणसाची रीत होय. त्या नियमांतच अशी आग्रहाची शिफारस आहे कीं, पुढेंमागें दोन जाळीं जोडावयाचा प्रसंग येईल हें ध्यानांत धरून प्रत्येकानें खाजगी पत्त्यांतून आपला गट कसाहि, चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडावा.

राखून ठेवलेले हे गट तीन आहेत: १० नें सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ नें सुरू होणारे. घरांतील यंत्राचा पत्ता बहुतेक यांपैकींच एखाद्या गटांतला असतो.

पण जो पत्ता बाहेर कोणी मानीत नाहीं, त्या पत्त्याचें पत्र बाहेर जातें कसें? याची युक्ति एगेवांग व फ्रान्सिस यांनीं १९९४ च्या मे महिन्यांत मांडली. वेशीवरची पेटी आंतून आलेल्या प्रत्येक पाकिटावरील खाजगी पत्ता पुसते, तेथें आपला सार्वजनिक पत्ता घालते, आणि कोणाचें पाकीट होतें याची नोंद वहींत ठेवते. उत्तर आलें कीं वही पाहून तें आंत पोंचवते. १९४२ च्या ऑगस्टांत जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव प्रभृति पुढाऱ्यांना नगरच्या किल्ल्यांत आणून ठेवलें, तेव्हां ते कोठें आहेत हें सरकारनें प्रारंभीं लोकांना कळूं दिलें नव्हतें, आणि आंतलीं पत्रें सरकारी तपासणींतूनच बाहेर पडत. तेथें हेतु जुलमाचा होता, येथें काटकसरीचा आहे. पण बाहेरच्याला आंतली खोली कळूं नये ही रचना दोन्हींकडे सारखीच.

या काटकसरीमुळेंच इंटरनेट सामान्य कुटुंबांत शिरूं शकलें. भारतांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें तेव्हां दूरध्वनीच्या तारेवर एका वेळीं एकच संगणक जोडला जाई, आणि घरचें जाळें असा कांहीं प्रकारच नव्हता. ब्रॉडबँड व बिनतारी राउटर आल्यावर एका जोडणीवर दहा-वीस यंत्रें नांदूं लागलीं. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक कोठारांतील पत्त्यांचे शेवटचे पांच गट वांटून संपले. पुढच्या वर्षीं सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठीं १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचा आणखी एक गट राखण्यांत आला. म्हणजे अनेक घरांच्या पेट्यासुद्धां कंपनीच्या एका मोठ्या पेटीमागें उभ्या राहिल्या. भारतांत अशी दुहेरी वेस आतां अगदीं सामान्य झाली आहे.

मात्र १९९६ ची ती शिफारस राउटर बनविणाऱ्यांनीं मनावर घेतली नाहीं. चिठ्ठी टाकून आळी निवडण्याऐवजीं कारखान्यांतून लक्षावधि पेट्या एकाच आंकड्यानें बाहेर पडल्या. बहुसंख्य घरांत आळी १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० अशीच आढळते. जिओच्या फायबर जोडणींत बहुधा १९२.१६८.२९.० असते. जो घोटाळा लिअर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं वर्तविला होता, त्याचें बीं असें घरोघर पेरलें गेलें.

तें उगवतें कोठें, हें नगर जिल्ह्यांतील कुटुंबांची रीत पाहिली म्हणजे कळतें. पारनेर-संगमनेरकडील कितीतरी घरांचें एक पाऊल मुंबईंत असतें. नगर शहरांतील मुलें शिकण्यास व नोकरीस पुण्याला जातात, कित्येक परदेशीं जातात. मागें राहतात वृद्ध मातापिता, घराचीं कागदपत्रें, दारावरचा कॅमेरा, आणि मळ्यांतील पंप दुरून चालूबंद करणारें यंत्र. दूर गेलेल्या मुलाला घराशीं जोडलेलें राहावेंसें वाटणें ही चैन नव्हे. रात्रीं दोन वाजतां आईनें दूरध्वनि उचलला नाहीं, तर दारावरच्या कॅमेऱ्यांतून घरांत दिवा आहे कीं नाहीं एवढें दिसणें हाच मोठा दिलासा असतो.

यासाठीं सोपी म्हणून जी वाट सांगितली जाते ती म्हणजे राउटरमध्यें एक खिडकी कायमची उघडी ठेवणें: बाहेरून कोणी अमुक क्रमांकावर आला कीं त्याला थेट कॅमेऱ्याकडे पाठवावें. ही वाट किती घातक आहे हें जगानें २०१६ सालीं पाहिलें. मिराई नांवाचा एक दुष्ट संगणक-कार्यक्रम इंटरनेटवर उघड्या खिडक्या शोधीत फिरे, आणि कारखान्यांत घातलेले सुमारे ६० सांकेतिक शब्द एकामागून एक लावून पाही. ज्या घरांनीं ते बदलले नव्हते त्यांचे कॅमेरे व राउटर त्याच्या ताब्यांत जात. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अशा गुलाम झालेल्या यंत्रांची झुंड डाइन या अमेरिकन कंपनीवर सोडण्यांत आली, आणि कित्येक तास मोठमोठीं संकेतस्थळें बंद पडलीं. ज्यांच्या घरांतून हा मारा झाला त्यांना त्याचा पत्ताहि नव्हता.

सुरक्षित वाट निराळी आहे. घराची खिडकी न उघडतां, दूरचा मोबाइल व घरची पेटी यांच्यामध्यें कुलुपबंद भुयार बांधावें, आणि किल्ली ज्याच्याजवळ आहे त्यालाच त्यांतून येऊं द्यावें. या भुयाराला व्हीपीएन म्हणतात. जेम्स योनान यांनीं २००१ सालीं ओपनव्हीपीएन सर्वांना मोफत दिलें. जेसन डोनेनफेल्ड यांचें वायरगार्ड २०२० च्या मार्चांत लिनक्सच्या गाभ्यांतच समाविष्ट झालें. जेथें कंपनीची दुहेरी वेस असते तेथें बाहेरून घरापर्यंत येतांच येत नाहीं. अशा वेळीं दोन्ही टोकें आपण होऊन बाहेर येतात, मध्यस्थ संगणकाच्या साह्यानें एकमेकांस गांठतात आणि मग भुयार बांधतात.

पण भुयार बांधणाऱ्याला एक गोष्ट सांगावीच लागते: त्यांतून कोणत्या आळीकडे जावयाचें. येथें सबनेट लागतें. तें घरीं असतांनाच पाहून ठेवावें. विंडोजच्या संगणकावर आज्ञांची खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली कीं तीन ओळी दिसतात: यंत्राचा पत्ता, सबनेट मास्क, आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणजे वेशीवरच्या पेटीचा पत्ता. एकाहून अधिक जोडण्या दिसल्या तर जिच्यापुढें गेटवे लिहिलेला आहे ती बहुधा खरी. बहुतेक मोबाइलमध्यें वाय-फाय जोडणीच्या तपशिलांत हीच माहिती असते. मग मुखवट्यांत जेथें २५५ तेथें पत्त्याचा आंकडा तसाच ठेवावा, जेथें शून्य तेथें शून्य लिहावें. दुसरा कांहीं आंकडा असेल तर वर सांगितल्याप्रमाणें जोडी पाहावी. ‘माझा पत्ता काय’ असें विचारल्यावर संकेतस्थळें जो आंकडा दाखवितात तो मात्र येथें कामाचा नाहीं. तो वेशीबाहेरचा पत्ता आहे.

आतां घोटाळा. नगरच्या घरची आळी १९२.१६८.१.० आहे, आणि मुलाच्या पुण्याच्या खोलींतलीहि तीच आहे असें धरावें. भुयार उत्तम बांधलें आहे, किल्ली बरोबर आहे. पण मुलाचा संगणक १९२.१६८.१.२० हा पत्ता पाहतो आणि म्हणतो, हा तर याच आळींतला! तो पाकीट भुयारांत घालीतच नाहीं; पुण्याच्याच खोलींत विसावें घर शोधीत बसतो. मग वैतागून मुलगा भुयार सोडतो आणि राउटरची खिडकी उघडतो. म्हणजे न जुळलेल्या एका आंकड्यापायीं घर मिराईच्या वाटेवर येतें. उपाय सोपा आहे. नगरच्या राउटरला सहसा न आढळणारी आळी द्यावी. नगरचा दूरध्वनि-संकेत ०२४१ आहे, त्यावरून १९२.१६८.२४१.० निवडलें तर आठवणींतहि राहील. मात्र साऱ्या नगरकरांनीं तेंच निवडलें तर लिअर यांचा आक्षेप पुन्हां खरा होईल. तेव्हां ज्यानें त्यानें आपली चिठ्ठी आपणच टाकावी. आळी बदलली कीं ज्या यंत्रांना हातानें ठरीव पत्ते दिलेले असतील त्यांचेहि पत्ते बदलावे लागतात. तें काम घरीं मुक्काम असतांनाच करावें, दुरून करूं नये.

एक सावधगिरी यापुढचीहि आहे, आणि तिचें उदाहरण नगरच्याच किल्ल्यानें घालून ठेवलें आहे. १५९५ च्या अखेरीस मोगलांनीं किल्ल्याला वेढा घातला आणि तटाखालीं सुरुंग पेरले. सुरुंगांच्या जागा कळतांच आंतल्यांनीं रातोरात दोन निकामी केले. तिसऱ्याचा शोध चालू असतांच बत्ती पडली व तटाला खिंडार पडलें. चांदबिबीनें स्वतः उभें राहून तें रात्रींत बुजविलें. आपल्या भिंतीखालीं काय आहे हें ज्यांनीं पाहिलें त्यांचा किल्ला टिकला. पुढें १६०० सालीं तोच किल्ला पडला. पण त्याआधीं चांदबिबीचा घात आंतल्याच लोकांनीं केला होता. भुयारांतून येणाऱ्याला सबंध आळी मोकळी करून देतांना हें आठवावें. कॅमेरा पाहणाऱ्याला कॅमेऱ्याचाच पत्ता द्यावा. दुरुस्तीस आलेल्या कारागिराला दिलेली किल्ली काम होतांच काढून घ्यावी. मोबाइल हरवला तर त्याची किल्ली त्याच दिवशीं रद्द करावी.

१२८ घरांच्या नव्या पत्त्यांनीं टंचाईचा प्रश्न मिटत चालला आहे, आणि त्यांच्या वापरांत भारत जगांत पुढें आहे. त्या पद्धतींत घरांतील प्रत्येक यंत्राला जगांत एकमेव असा पत्ता मिळूं शकतो. परंतु जुने पत्ते त्यांच्या जोडीनें अद्यापि चालूच आहेत व पुष्कळ काळ चालतील. आणि पत्ता एकमेव झाला तरी दाराला कुलूप लागतेंच. तोंवर प्रत्येक घरानें एवढें तरी करावें: आपल्या जाळ्याची आळी, तिचा मुखवटा व राउटरचा पत्ता एका कागदावर लिहावा, आणि तो वीजबिल, घरपट्टी व सातबाराच्या उताऱ्यांबरोबर जपून ठेवावा. सांकेतिक शब्द मात्र त्या कागदावर लिहूं नये. परगांवचा मुलगा अवेळीं घरीं हांक मारील त्या वेळीं वडिलांना तीन ओळी वाचून दाखवितां आल्या, तर अर्धें काम तेथेंच होतें.